वर्तन कुणाचं तपासायचं? देसाईगंज खटल्याचा अभ्यास

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १५ सप्टेंबर १९७८ चा निकाल फार लांब नाही. एका बैठकीत वाचून होतो. पण त्याच्यामुळे भारतातला बलात्काराचा कायदा पुढची पस्तीस वर्षं टप्प्याटप्प्याने बदलत गेला, आणि त्या बदलाची पहिली ठिणगी कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांच्या एका खुल्या पत्राने पडली. हा खटला देशभर पीडित मुलीच्या नावाने ओळखला जातो. ते नाव मी इथे लिहिणार नाही. पीडितेची ओळख उघड करायला बंदी करणारं कलम २२८-अ भारतीय दंड संहितेत १९८३ साली आलं, तेही याच प्रकरणानंतरच्या दुरुस्तीत. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. निकालपत्रात तिचं नाव जागोजागी छापलेलं आहे म्हणून आपणही ते घेत राहावं, असं मला वाटत नाही.

या प्रकरणाची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: जुना कायदा वाईट होता, निकाल वाईट लागला, आंदोलन झालं, नवा कायदा आला. फौजदारी आणि पुराव्याचा कायदा इतकी वर्षं शिकवल्यावर मला ही मांडणी अपुरी वाटते. १९७८ साली हातात असलेल्या कायद्यानेही त्या शिपायाची शिक्षा कायम ठेवता आली असती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच कायद्याखाली ती दिली होती. बिघडलं ते पुरावा वाचताना. म्हणून या प्रकरणात आधी घटनाक्रम बारकाईने पाहायला हवा. निकालातला दोष त्या क्रमातच सापडतो.

घडलं ते असं

देसाईगंज म्हणजे वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता आणि गाव चंद्रपूर जिल्ह्यात मोडायचं. मुलगी आदिवासी, आईवडील गेलेले, भावाजवळ राहणारी. दोघंही मजुरी करून पोट भरत. कामासाठी ती एका बाईंच्या घरी जायची. तिथे त्या बाईंच्या बहिणीच्या मुलाशी तिची ओळख झाली, दोघांचं जमलं आणि त्यांनी नवराबायको म्हणून राहायचं ठरवलं. २६ मार्च १९७२ रोजी भावाने पोलीस ठाण्यात तक्रार दिली की त्या बाई, त्यांचे यजमान आणि तो मुलगा यांनी मिळून बहिणीला पळवून नेलं आहे.

तक्रार नोंदवणाऱ्या हवालदारांनी सगळ्यांना ठाण्यात आणवलं. रात्रीचे नऊ वाजले होते. मुलीचा आणि त्या मुलाचा जबाब झाला. साडेदहाच्या सुमारास हवालदारांनी भावाला बहिणीच्या जन्मनोंदीचा उतारा आणायला सांगितलं, सगळ्यांना घरी जायला सांगितलं आणि ते स्वतः जेवायला घरी गेले. ठाण्यात उरले दोघे पोलीस: दुसरा एक हवालदार आणि एक शिपाई.

मंडळी बाहेर पडत असताना त्या दोघांनी मुलीला थांबायला सांगितलं आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. तिच्या साक्षीप्रमाणे शिपायाने तिला इमारतीच्या मागच्या बाजूला नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. नंतर तिथेच बसलेल्या, दारूच्या नशेत असलेल्या हवालदाराने तिच्या अंगाशी चाळे केले.

बाहेर थांबलेल्यांना शंका आली. ते ठाण्याच्या मागे गेले तर आतले दिवे मालवलेले आणि दार बंद. त्यांनी तिला हाका मारल्या, उत्तर आलं नाही. आरडाओरड्याने लोक जमले. तेव्हा आतून तो हवालदार बाहेर आला आणि मुलगी केव्हाच निघून गेली असं त्याने सांगितलं. थोड्याच वेळात मुलगी आतून बाहेर आली आणि काय झालं ते तिने तिथल्या तिथे सांगितलं.

दिवे मालवले होते, दार बंद होतं आणि हवालदार खोटं बोलला, या तीन गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात. त्यांच्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

त्याच रात्री तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ठाण्यात फिर्याद द्यायला सांगितलं. ठाण्यासमोरचा जमाव बिथरलेला होता. जेवायला गेलेले हवालदार परत आले आणि त्यांनी तिची फिर्याद नोंदवून घेतली. वैद्यकीय तपासणी मात्र दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता झाली, म्हणजे घटनेला जवळजवळ वीस तास उलटल्यावर. अंगावर जखमा आढळल्या नाहीत. तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय असल्याचा शेरा दोन बोटांच्या चाचणीच्या (योनीत दोन बोटं घालून केलेल्या तपासणीच्या) आधारे अहवालात आला. वय चौदा ते सोळा असल्याचा अंदाज दिला गेला. तिच्या कपड्यांवर आणि शिपायाच्या पायजम्यावर वीर्याचे डाग मिळाले; शरीरावरून घेतलेल्या नमुन्यांत काही मिळालं नाही.

पुरावा एक, वाचनं तीन

चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोघांची निर्दोष मुक्तता केली. मुलगी सोळा वर्षांखालची होती याचा समाधानकारक पुरावा नाही, असं त्यांनी मानलं. हा मुद्दा किरकोळ नव्हता. बलात्काराची व्याख्या करणाऱ्या, दंड संहितेच्या तेव्हाच्या कलम ३७५ प्रमाणे सोळा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत संमतीला काहीच अर्थ नव्हता. वय सिद्ध झालं असतं तर संमतीची चर्चाच उरली नसती. पोलिसांनी जन्मनोंदीचा उतारा मागितला होता तो पळवून नेल्याच्या तक्रारीसाठी. खटल्यात वयाचा प्रश्न कळीचा ठरला तेव्हा मात्र सरकारी पक्ष तो भक्कमपणे सिद्ध करू शकला नाही. या प्रकरणावरच्या चर्चेत हे अपयश फार मागे पडतं, आणि मला ते खुपतं. मजुराच्या घरात जन्मलेल्या मुलीच्या जन्माची नोंद सापडणं अवघड असेल, पण ती शोधणं हे तपास अधिकाऱ्याचं काम होतं.

ठाण्यात शरीरसंबंध झाला हे सत्र न्यायालयाला मान्य होतं. पण शरीरसंबंध आणि बलात्कार यांत महदंतर आहे, आणि मुलगी धडधडीत खोटं बोलते, असा त्यांचा निष्कर्ष. ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो मुलगा आणि जमाव समोर उभा असल्याने स्वतःला सच्छील दाखवण्यासाठी तिने बलात्काराचा आरोप केला, अशी त्यांनी उपपत्ती लावली.

ऑक्टोबर १९७६ मध्ये उच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. शिपायाला बलात्कारासाठी पाच वर्षांची आणि हवालदाराला विनयभंगासाठी एक वर्षाची सक्तमजुरी झाली. उच्च न्यायालयाचा विचार सरळ होता. हे दोघे पोलीस तिच्या ओळखीचेही नव्हते. भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आणलेली मुलगी, बाहेर तिची माणसं उभी असताना, परक्या पोलिसाकडे आपणहून शरीरसुखाची मागणी करेल हे संभवत नाही. म्हणजे पुढाकार पोलिसांचा. आणि धाकाने, नाइलाजाने दिलेला देह ही इच्छा नसते; ती निव्वळ शरणागती असते. नमुन्यांत काही का मिळालं नाही याचंही साधं उत्तर त्यांनी दिलं: वीस तास उलटले होते आणि मधल्या वेळात तिने आंघोळ केली असू शकते.

सर्वोच्च न्यायालयात न्या. जसवंत सिंग, न्या. कैलासम आणि न्या. कोशल यांचं पीठ होतं, निकाल न्या. कोशल यांनी लिहिला. दोघांचीही मुक्तता झाली. कारणं अशी. अंगावर जखम नाही, म्हणजे सगळं शांततेत झालं आणि कडवा प्रतिकार केल्याची कथा खोटी. शिपायाने हात धरला तेव्हा भाऊ आणि इतर जवळच होते. हात झटकून ओरडणं ही स्वाभाविक प्रतिक्रिया असती. तिने त्यांच्याकडे मदत मागितली नाही, ती निमूटपणे शिपायामागे गेली, म्हणून ही संमती नुसती निष्क्रिय शरणागती म्हणून बाजूला सारता येत नाही. आणि भीती म्हणाल तर कलम ३७५ च्या तिसऱ्या खंडाला मृत्यूची किंवा इजेची भीती लागते. तशी भीती होती असा निष्कर्ष उच्च न्यायालयाने नोंदवलेला नाही.

हवालदाराच्या मुक्ततेबद्दल मी सर्वोच्च न्यायालयाशी भांडणार नाही. फिर्यादीत मुलीने त्याच्याबद्दल सांगितलेलं आणि न्यायालयातल्या साक्षीत सांगितलेलं यांत मोठा फरक होता. एकदा एकाच्या नावावर टाकलेलं कृत्य पुढे दुसऱ्याच्या नावावर गेलं असेल, तर त्या विशिष्ट आरोपीला संशयाचा फायदा मिळणं फौजदारी न्यायाच्या तत्त्वात बसतं. नाराजीच्या भरात हा भाग विसरता कामा नये. मुक्तता म्हणजे दरवेळी अन्याय, अशी सवय लागली तर उद्या निरपराध माणसाच्या बाजूने बोलायला कुणी उरणार नाही.

शिपायाचा प्रश्न निराळा आहे.

एकाच बाजूचं वर्तन

संमती ही मनातली गोष्ट. ती थेट दिसत नाही, परिस्थितीवरून ताडावी लागते. सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं आणि ते बरोबर आहे. मग परिस्थितीत काय काय येतं? पुराव्याच्या कायद्यात तेव्हा कलम ८ होतं (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६) आणि त्याखाली आरोपीचं घटनेआधीचं आणि नंतरचं वर्तन हा पुरावा असतो. चोरीच्या खटल्यात चोर पळाला, खुनाच्या खटल्यात आरोपीने रक्ताचे कपडे धुतले, तर न्यायालय त्याचा अर्थ लावतं.

इथे न्यायालयाने मुलीच्या वर्तनाचा प्रत्येक क्षण तपासला. हात धरल्यावर तिने काय करायला हवं होतं, कुणाला हाक मारायला हवी होती, किती जोरात ओरडायला हवं होतं. दोन्ही पोलिसांच्या वर्तनाला तीच कसोटी लावलेली निकालाच्या कारणमीमांसेत मला दिसत नाही. रात्री साडेदहानंतर चालू ठाण्यातले दिवे का मालवले? दार का लावलं? नातेवाईक हाका मारत असताना ती निघून गेली हे खोटं का सांगितलं? संमतीने काही घडलं असेल तर या तिन्ही गोष्टींचा मेळ बसवणं कठीण जातं. सक्तीने घडलं असेल तर तिन्ही सहज बसतात. हे सगळं न्यायालयासमोर होतं; घटनाक्रम सांगताना निकालपत्र त्याचा उल्लेख करतं आणि निष्कर्षाकडे येताना ते मागे टाकून पुढे जातं.

मुलीच्या वर्तनाला लावलेली कसोटीही तपासून पाहण्यासारखी आहे. हात झटकून ओरडणं स्वाभाविक, हे कुणासाठी स्वाभाविक? ज्या मुलीला रात्री पोलिसांनी आणवलं, जिच्या भावी नवऱ्यावर पळवून नेल्याचा आरोप आहे, जिचा भाऊच फिर्यादी आहे, आणि जिला थांब म्हणणारा गणवेशातला माणूस आहे, तिच्यासाठी थांबणं स्वाभाविक आहे. बाहेर जा म्हटल्यावर बाकीचेही मुकाट बाहेर गेले! भाऊ गेला, ज्या बाईंकडे ती कामाला जायची त्या गेल्या, तो मुलगा गेला. पोलिसाने सांगितलं म्हणून मोठी माणसं निमूट बाहेर गेली, तर त्यांच्या निमूटपणाचा अर्थ आज्ञापालन. आणि मुलगी निमूट मागे गेली, तर तिच्या निमूटपणाचा अर्थ संमती. एकाच खोलीतल्या, एकाच क्षणाच्या दोन निमूटपणांना असे दोन अर्थ का, याचं उत्तर निकालात नाही.

तिसऱ्या खंडाबद्दलचा युक्तिवाद वरवर तांत्रिकदृष्ट्या चोख वाटतो आणि म्हणूनच विद्यार्थी त्यावर थबकतात. तो खंड संमती दिली आहे पण ती भीतीपोटी दिली आहे, अशा प्रसंगासाठी आहे. त्याच्याआधी पहिला आणि दुसरा खंड येतात: इच्छेविरुद्ध, आणि संमतीशिवाय. शरणागती ही मुळात संमतीच नसेल तर प्रश्न दुसऱ्याच खंडात सुटतो, तिसऱ्यापर्यंत जावंच लागत नाही. हे तेव्हा नवीन नव्हतं. पंजाब उच्च न्यायालयाने राव हरनारायण सिंग खटल्यात १९५० च्या दशकातच सांगितलं होतं की प्रत्येक संमतीत शरणागती असते पण प्रत्येक शरणागतीत संमती नसते. अटळ सक्तीपुढे हात टेकणं म्हणजे संमती नव्हे. दंड संहितेचं कलम ९० तर १८६० पासूनच होतं: इजेच्या भीतीने दिलेली संमती, आणि समोरच्याला ती भीती ठाऊक असेल, तर ती कायद्याच्या दृष्टीने संमती नाही. साधनं सगळी हाताशी होती.

चार प्राध्यापक

निकाल कायद्याच्या नियतकालिकांत छापून आला आणि जवळपास वर्षभर त्याची कुणी विशेष दखल घेतली नाही. १६ सप्टेंबर १९७९ रोजी दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. तेव्हा सरन्यायाधीश न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. कायद्याच्या अध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर लेख लिहिणं हा शिरस्ता होता. निकाल चुकला आहे, तो मोठ्या पीठापुढे पुन्हा ऐका, असं जाहीर पत्राने सांगणं हा शिरस्ता नव्हता.

आजही ते पत्र पुराव्याच्या कायद्याचा पाठ म्हणून वाचावं इतकं काटेकोर आहे. रागावलेलं आहे, पण राग मुद्द्याला धरून आहे. सिद्ध झाली ती शरणागती, संमती सिद्ध झालेली नाही, हा त्याचा कणा. त्याभोवती ते विचारतात: तिचं वय, गरिबी, आपल्या हक्कांची माहिती नसणं, कायद्याची मदत न मिळणं, आणि पोलीस ठाण्यात गरीब माणसाला घेरणारी भीती, यांपैकी कशाचाही विचार न्यायालयाने का केला नाही? लग्नाआधी तिचे संबंध होते एवढ्यावरून पोलिसांना तिच्यावर मोकळीक मिळते का? ठाण्यातच हे घडलं याबद्दल निषेधाचा एक शब्दही का नाही? सरन्यायाधीशांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरिबाच्या वेषात, ओळख न देता, दिल्लीजवळच्या खेड्यांतल्या पोलीस ठाण्यांना भेट द्यावी, अशी सूचनाही त्यांनी अदबीने केली आहे. ती सूचना मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात दोषाचं नेमकं निदान आहे. रात्री पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब माणसाच्या जागी उभं राहिल्याशिवाय तिथलं स्वाभाविक वर्तन कुठलं हे ठरवता येत नाही.

पत्राने नंदिनी सत्पथी खटल्याचीही आठवण करून दिली. या निकालाच्या काही महिनेच आधी, एप्रिल १९७८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेच त्या खटल्यात स्त्रियांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावण्यावर ताशेरे ओढले होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० सांगत होतं की स्त्रीला साक्षीदार म्हणून तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायला लावता येत नाही. ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, म्हणजे देसाईगंजच्या घटनेनंतर, तेव्हा हवालदारांनी ती मोडली असं म्हणता येणार नाही. पण १९७८ साली निकाल लिहिताना रात्री नऊला एका अल्पवयीन वाटणाऱ्या मुलीला ठाण्यात बसवण्याबद्दल न्यायालयाला दोन ओळी लिहिता आल्या असत्या.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, फेरसुनावणीची मागणी झाली. निकाल बदलला नाही. मुक्तता कायम राहिली.

कायदा बदलला तो कुठे

एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाने चौऱ्याऐंशीवा अहवाल दिला आणि १९८३ च्या अखेरीस दुरुस्ती झाली. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग व रुग्णालयाचे कर्मचारी यांनी आपल्या ताब्यातल्या स्त्रीवर केलेल्या बलात्काराला वेगळं स्थान आणि किमान दहा वर्षांची शिक्षा आली. सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद आली. पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ आलं: अशा खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात संमती नव्हती असं सांगितलं, की न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, उलट सिद्ध करणं आरोपीच्या बाजूवर. देसाईगंज खटल्यात शरीरसंबंध झाल्याचं सत्र न्यायालयानेही मानलं होतं. हे कलम तेव्हा असतं तर शिपायाला मालवलेल्या दिव्यांचा खुलासा करावा लागला असता.

या कलमाबद्दल आक्षेपही आहेत आणि ते टाकाऊ नाहीत. सिद्धतेचा भार सरकारी पक्षावर असतो हा फौजदारी न्यायाचा पाया. तो सैल करायची सवय कायदेमंडळाला लागली की इतर गुन्ह्यांतही तेच होतं, आणि झालंही आहे. तरीही ११४-अ मला समर्थनीय वाटतं, कारण त्याची व्याप्ती आखून दिलेली आहे. जिथे आरोपीच्या हाती स्त्रीवर सत्ता आहे, जागा त्याच्या ताब्यातली आहे आणि बाहेरचा साक्षीदार असण्याची शक्यताच त्याने संपवलेली आहे, तिथे त्याने बोलावं ही अपेक्षा अवाजवी नाही. ही व्याप्ती सरसकट वाढवायला मात्र माझा विरोध राहील.

बाकीच्या दुरुस्त्या उशिरा आणि सुट्या सुट्या आल्या. फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावरून तिची साक्ष डागाळण्याची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम १५५ चं चौथं पोटकलम २००२ च्या दुरुस्तीने गेलं. २०१३ मध्ये कलम ३७५ ला स्पष्टीकरण जोडून संमती म्हणजे निःसंदिग्ध, स्वेच्छेने दिलेली मान्यता असं लिहिलं गेलं, आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून तिची संमती मानू नये हेही. पूर्वीचे शरीरसंबंध संमतीच्या प्रश्नात गैरलागू ठरवणारं पुराव्याच्या कायद्याचं कलम ५३-अ त्याच वेळी आलं. दोन बोटांच्या चाचणीला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लिल्लू खटल्यात स्त्रीच्या खासगीपणावर व प्रतिष्ठेवर घाला म्हटलं, तरी ती सुरूच राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये झारखंडच्या एका खटल्यात न्यायालयाला सांगावं लागलं की अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. १९७२ च्या अहवालातला तो शेरा कायद्याच्या दृष्टीने पूर्ण मोडीत निघायला पन्नास वर्षं लागली.

यातली जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती १९७८ च्या निकालातल्या एकेका वाक्याला दिलेलं उत्तर आहे. जखमा नाहीत, प्रतिकार नाही, सवय होती, ओरडली नाही. संसदेने एकेक करून न्यायाधीशांना सांगितलं की यावरून संमती काढू नका. पण ही उत्तरं न्यायाधीश स्वतःही देऊ शकत होते. मे १९८३ मध्ये, म्हणजे दुरुस्ती व्हायच्या आधीच, भरवाडा भोगीनभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुजोरा देणारा पुरावा नाही म्हणून बलात्कारपीडितेची साक्ष नाकारणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे. त्या निकालातली भारतीय आणि पाश्चात्त्य स्त्रियांची तुलना मला पटत नाही, पण कायदा तोच, न्यायालय तेच, आणि साक्षीकडे पाहण्याची दृष्टी पाच वर्षांत बदललेली, एवढं त्यातून स्पष्ट होतं. बदल घडवला तो चार प्राध्यापकांच्या टीकेने आणि त्यानंतरच्या आंदोलनाने.

आजच्या खटल्यात

कायद्याच्या प्राध्यापकाने निकालावर भाष्य करताना शिक्षा झाली की नाही याच्या पलीकडे जायला हवं. पुराव्यातला कोणता धागा न्यायालयाने उचलला, कोणता सोडला, आणि सोडलेला उचलला असता तर निष्कर्ष टिकला असता का, हे तपासायचं असतं. देसाईगंजच्या निकालावर हे करून पाहिलं की लक्षात येतं, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यातला फरक कायद्याच्या ज्ञानाचा नव्हता. एकाने विचारलं, अशा ठिकाणी अशा मुलीकडून पुढाकार संभवतो का? दुसऱ्याने विचारलं, तिने विरोध कसा दाखवला? पहिल्या प्रश्नात ठाणं, रात्र आणि गणवेश आपोआप येतात. दुसऱ्यात फक्त मुलगी उरते.

हा दुसरा प्रश्न अजून गेलेला नाही. ११४-अ हे, आणि त्याच्या जागी आलेलं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२०, ठरावीक प्रकारच्या खटल्यांपुरतं आहे; ओळखीतल्या, घरातल्या, कामाच्या जागेवरच्या अनेक खटल्यांत संमतीचा भार पूर्वीसारखाच सरकारी पक्षावर राहतो. २०१३ च्या स्पष्टीकरणानंतरही, २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका खटल्यात दोघांची आधीची जवळीक पाहता स्त्रीचा क्षीण नकार आरोपीला नकार म्हणून कळला असेलच असं नाही, असं म्हणून संशयाचा फायदा दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मला त्या निकालात देसाईगंजचीच पद्धत दिसते. नकार पुरेसा ठळक होता का हे विचारलं गेलं; समोरच्याने होकार आहे याची खात्री कशी करून घेतली, हे विचारलं गेलं नाही.

म्हणून तरुण सरकारी वकिलांना माझं सांगणं असतं की पीडितेच्या सरतपासणीत जितका वेळ घालवता तितकाच आरोपीच्या वर्तनाचा पुरावा नोंदवण्यात घालवा. घटनास्थळाच्या पंचनाम्यात दिव्याचं बटण कुठे आहे, कडी आतून आहे की बाहेरून, बाहेर उभ्या माणसाला आतला आवाज ऐकू येतो का, हे आलं पाहिजे. घटनेनंतर आरोपी कुणाला काय बोलला याचे स्वतंत्र साक्षीदार तपासले पाहिजेत. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली, आरोपीला प्रश्न विचारताना यातली प्रत्येक परिस्थिती न्यायालयाने त्याच्यापुढे वेगवेगळी ठेवावी यासाठी आग्रह धरला पाहिजे, कारण तिथे न विचारलेली परिस्थिती नंतर त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. वयाचा दाखला पहिल्या आठवड्यात मिळवा. आणि अंतिम युक्तिवादात न्यायालयाला स्पष्ट विचारा: स्वाभाविक वर्तनाची कसोटी लावायची असेल तर ती आधी आरोपीला लावून पाहा.